रजिस्टरात लिहिलं ‘घर बंद’

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ते म्हणाले, “बाई, तुमची सगळी हयात नर्स म्हणून गेली. बाळंतपणांचे अनुभव लिहा.” मी म्हटलं, बाळंतपणांवर सगळ्याच नर्सा लिहितात, मी मिठावर लिहिते. रिटायर झाल्यावर बाई पाककृतींकडे वळल्या, असं त्यांना वाटलं असावं.

मीठ हा नर्सच्या कामाचा भाग असतो हे नोकरीची वीसेक वर्षं होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि माझी बदली शिरूर तालुक्यात, केंदूरच्या बाजूच्या एका उपकेंद्रात झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात चूक माझी आहे, गावाची नाही. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, लसींचा डबा, रजिस्टरांची चळत आणि भोवतीच्या वाड्यावस्त्या. महिन्यातून एकदा प्रत्येक घराला भेट द्यायची, गरोदर बाई, तान्हं मूल, ताप, खोकला असं काय असेल ते बघायचं आणि लिहायचं. घराला कुलूप असेल तर रजिस्टरात ‘घर बंद’ लिहून पुढच्या दारी जायचं.

त्या सुमारास आम्हाला आयोडीनच्या ट्रेनिंगला बोलावलं. एका डॉक्टरांनी पडद्यावर हिमालयातल्या बायकांचे फोटो दाखवले. एकेकीच्या गळ्याला नारळाएवढी गाठ. त्यांनी समजावून सांगितलं की आयोडीन मातीत असतं, डोंगरउतारावरून ते पावसाबर्फानं धुऊन जातं, मग तिथल्या धान्यात आणि भाजीत ते उतरतच नाही. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, तिला कामासाठी हे आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ती जादा राबते आणि फुगते. म्हणून मिठात आयोडीन घालायचं, कारण मीठ सगळेच खातात.

मागच्या बाकावरून आमच्यातलीच एक म्हणाली, “सर, आमच्या शिरूरला डोंगर कुठाय? रस्त्यावरचा स्पीडब्रेकर हाच आमचा घाट.” सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, “हा आजार सपाटीवरही असतो. आणि गळा फारसा न सुजतासुद्धा माणूस आतून मंदावतो, त्याकडे लक्ष ठेवा.” हे वाक्य नेमकं जेवणाच्या सुट्टीच्या आधी आलं. बटाटेवड्यांचा वास खोलीत शिरला होता. ते वाक्य आमच्यापैकी कुणाच्याच वहीत उतरलं नाही.

परत येताना प्रत्येकीला मीठ तपासायची इवलीशी बाटली मिळाली. चमचाभर मीठ सपाट पसरायचं, वर दोन थेंब टाकायचे. आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. पोरांना जादूचा खेळ वाटावा असं काम. म्हणून मी सुरुवात शाळेपासून केली. उद्या घरून पुडीत मीठ घेऊन या, असं मुलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओळीनं पुड्या उघडल्या. सगळं मीठ जांभळं! एका पोरानं तेवढा चुकून पापडखार आणला होता, तो सोडून गाव शंभर टक्के पास. मी झोकात अहवाल पाठवला आणि आमच्या मेडिकल ऑफिसरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुकही केलं.

चार दिवसांनी गावातल्या दुकानात साबण घ्यायला गेले. दुकानदार खुशीत होता. “बाई, परत तपासणी कधी हाय? आधी सांगत चला. परवा सांच्यापारी पुडीच्या मिठाला रांग लागली व्हती.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. घरात वर्षभराचं खडेमीठ बरणीत भरलेलं, काळपट, ओलसर. ते पोराच्या हातून शाळेत, बाईंच्या टेबलावर कसं पाठवायचं? चार लोकांत घराची शोभा होईल. म्हणून आयांनी पुडीचं पांढरंशुभ्र मीठ विकत आणून, नाहीतर शेजारणीकडून चिमूटभर मागून पाठवलं होतं. मी गावाचं मीठ नव्हे, गावाची अब्रू तपासली होती. ती मात्र खरोखर शंभर टक्के होती.

मग न सांगता घरोघर जायचं ठरवलं. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बायका खडेमीठ दोन पाण्यांनी धुऊन, फडक्यावर वाळवून मगच बरणीत भरत. मीठ उघड्यावरून येतं, पोती जमिनीवर पडलेली असतात, धुतल्याशिवाय कसं खायचं? स्वच्छतेचे धडे आम्हीच तर दिले होते. खड्यावर आयोडीन असलंच तर ते बाहेरच्या अंगाला असतं, पहिल्या पाण्यातच निघून जातं. हे एका वस्तीवर सांगत होते, तर तिथले आप्पा, सगळं आयुष्य मेंढरांमागे हिंडलेला माणूस, विचारात पडले.

“म्हंजी औषध त्या पान्यात जातंय?”

“हो आप्पा.”

“मंग त्ये पानी मेंढरास्नी पाजतो. आमचं ऱ्हाऊ द्या, त्यांचं तरी गळं नीट ऱ्हातील.”

अशा हसतखेळत चाललेल्या फेऱ्यांत मी त्याच वस्तीच्या शेवटच्या घरी पोचले. घर गिरजाबाईंचं. एके काळी यांची मेंढ्यांची मोठी खिल्लारं होती, आता थोडी शेती, पंधरा-वीस मेंढ्या आणि मुलगा बापू एमआयडीसीतल्या कंपनीत हेल्पर. गिरजाबाई दारात बसल्या होत्या. साठी उलटलेली, कपाळावर आडवं कुंकू, नजर कडक. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि तळहात पुढे केला. “मावशी, चिमूटभर मीठ द्या.”

त्या आत गेल्या, मूठ भरून आल्या. माझा हात तसाच पुढे होता. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि मीठ खाली, पायरीच्या दगडावर ठेवलं.

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी दौंडची. वडील रेल्वेत खलाशी, घर बौद्धांच्या वस्तीतलं. शिकून नोकरीला लागले, अंगावर सरकारचा पांढरा कोट चढला, तरी उपकेंद्राच्या त्याच गावात दोन घरं अशी होती, जिथे माझ्यासाठी वेगळा कप गोठ्याच्या खुंटीला अडकवलेला असे. मी तिथे “चहा नको, ॲसिडिटी होते” असं सांगून वेळ मारून नेत असे. त्यामुळे दगडावरचं ते मीठ पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. पिशवी उचलली आणि चालू लागले. मागून बाई काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. संध्याकाळी रजिस्टर उघडून त्या घरापुढे लिहिलं, ‘घर बंद’.

पुढच्या महिन्यात वस्तीवर गेले, सगळी घरं केली, शेवटच्या घराच्या वळणापर्यंत पोचले आणि मागे फिरले. ‘घर बंद’. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. असे सात महिने गेले. कामात चुकार नर्स म्हणून मला कुणी कधी बोट दाखवलेलं नव्हतं, लसीकरणासाठी मी चिखलात पाय रुतवत गेलेली बाई. पण त्या एका घराच्या बाबतीत मी सात वेळा खोटं लिहिलं आणि दर वेळी मला बरंच वाटलं. त्या घरात मंगल नावाची सून आहे, लग्नाला तीन वर्षं झालीत आणि मूल नाही, हे आधीच्या नर्सच्या वहीतून उतरवलेल्या माझ्याच जोडप्यांच्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

आठव्या महिन्यात, ऐन वैशाखात, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या दारात गिरजाबाई उभ्या राहिल्या. एका हाताला सून. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्या पोरीच्या अंगात नवऱ्याचा कंपनीचा स्वेटर होता.

“तुमी आमच्या घरी येत न्हाई,” गिरजाबाई म्हणाल्या, “म्हून आमीच आलो.”

मंगल गरोदर होती हे मला तेव्हा कळलं, आणि चौथ्या महिन्यात, पंधरा दिवसांपूर्वी, तिचं बाळ गेलं हेही तेव्हाच. माझ्या रजिस्टरात तिची नोंदच नव्हती. बंद घरातल्या बाईची नोंद कशी असेल?

“समदी म्हंत्यात, आळशी हाय. दिसभर बसून ऱ्हाती, दोन भाकरी थापल्या की धापा टाकती. माजी नणंद म्हंती, माघारी धाडा आन् बापूचं दुसरं करा, पावणे बगून ठिवल्यात.” गिरजाबाईंनी सुनेचा हात सोडला नव्हता. “बाई, माज्या कळपातली मेंढी अशी बसून ऱ्हायली तर मी तिला आळशी म्हनत न्हाई. तिला कायतरी हुतंय, असं म्हंती. तुमी बगा हिला काय हुतंय. दिवाळीपातूर म्या त्यास्नी थांबवलंय.”

मी मंगलला खाटेवर बसवलं. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, केस विरळ, नाडी संथ. काय विचारलं तरी उत्तर उशिरा आणि घोगऱ्या, बसलेल्या आवाजात. एरवी मी “अंगात रक्त कमी आहे” म्हणून लोहाच्या लाल गोळ्या हातावर ठेवल्या असत्या आणि पुढच्या बाईला हाक मारली असती. पण वैशाखातला तो स्वेटर डोळ्यांपुढून हलेना. बटाटेवड्यांच्या वासात हरवलेलं ते वाक्य मला त्या दिवशी आठवलं. मी तिला पेलाभर पाणी दिलं आणि गिळायला सांगितलं. घोटाबरोबर गळ्यात काहीतरी जाडसर वर सरकून खाली आलं. नारळ नव्हता, सुपारीहून जरा मोठं असेल.

त्याच दुपारी दोघींना घेऊन मेडिकल ऑफिसरांकडे गेले. तरुण डॉक्टर, पण मोकळ्या मनाचे. “बाई, हे माझ्याही लक्षात आलं नसतं,” असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. मंगलचं थायरॉइड जवळजवळ थांबलंच होतं. अंगाला ऊब देणारं, हातपाय चालवणारं, पोटातलं मूल धरून ठेवायला मदत करणारं रसायन ही ग्रंथी करते. ते नसलं की माणूस आळशी दिसतो, नसतो. ते रसायन गोळीत मिळतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक. रक्तही कमी निघालं होतं, म्हणून माझ्या लाल गोळ्याही मी दिल्या आणि एकही चुकवायची नाही असं बजावलं.

“मिठामुळेच झालं का?” मी विचारलं.

“छातीठोक सांगता येत नाही. दुसरीही कारणं असतात. आता नुसतं मीठ बदलून ही बरी होणार नाही, गोळी लागेलच. पण पुढे दिवस राहायचे असतील तर बाळासाठी घरातलं मीठ बदलायलाच हवं.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. वळणावर पाय अडखळले, पण गेले. मीठ तपासलं. मेंढ्यांसाठी आणलेल्या पोत्यातलं, वर धुऊन वाळवलेलं. दोन थेंब टाकले, पांढरं ते पांढरंच. गिरजाबाई वाकून बघत होत्या. मला राहवलं नाही. “मावशी, त्या दिवशी मीठ माझ्या हातावर का नाही दिलंत? खाली दगडावर का ठेवलं?”

त्या नवलानं बघू लागल्या. “हातावर मीठ दिलं की भांडान हुतंय बाई. नवीन नर्स आल्याली, तिच्यासंगं कशाला वाकडं घ्यायचं? तुमच्यात देत्यात का हातावर?”

नाही देत. माझी आईसुद्धा शेजारणीला मीठ वाटीतून देई, आणि मी हात पुढे केला तर चापट मारी. मी आयुष्यभर पाहिलेली रीत. ती मला त्या क्षणी आठवली नाही, आठवला तो खुंटीवरचा कप. मी मान खाली घातली. गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांना उमगलं.

“तुमाला त्ये वाटलं व्हय?” त्या म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं? माज्या सासूच्या टायमाला ह्याच पायरीवर आमी त्ये बी केलंय. तुमाला कसं कळावं ह्ये कुठलं आन् त्ये कुठलं?”

त्या मला चिडून बोलल्या असत्या तरी चाललं असतं. या शब्दांनी मला रडूच आलं. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, असं कुणी स्वतःहून म्हणालं नव्हतं.

वाटलं होतं, आता गोळी सुरू झाली, मंगल महिन्या-दोन महिन्यांत टवटवीत होईल. तीन महिने झाले तरी रिपोर्ट हटेना. दिवाळी जवळ येत चालली. गिरजाबाईंच्या नणंदेच्या फेऱ्या वाढल्या. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी रिपोर्ट तसाच. शेवटी एकदा मी सकाळी सहालाच त्यांच्या घरी जाऊन बसले, ही बाई गोळी घेते तरी कशी ते बघायला. मंगलनं चूळ भरली, थायरॉइडची गोळी घेतली, आणि लगेच तळहातावर माझी लाल लोहाची गोळी घेऊन तीही चहाबरोबर टाकली.

“दोन्ही एकदमच?”

“तुमीच म्हनला व्हता, लाल गोळी कवाच चुकवायची न्हाई. म्हून आटवनीनं बरोबरच घेती.”

डॉक्टरांना जाऊन विचारलं तेव्हा कळलं, लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला पोटात अडवून धरते, अंगी लागू देत नाही. दोन्हींमध्ये निदान चार तास जायला हवेत. हे आधी त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तिच्या आज्ञाधारकपणानं आणि माझ्या लाल गोळ्यांच्या हट्टानं मिळून तीन महिने मातीत घातले होते. त्या दिवसापासून गिरजाबाईंनी कारभार हातात घेतला. पहाटे कोंबडं आरवलं की पांढरी गोळी, मेंढ्या रानात गेल्यावर चहा, आणि लाल गोळी रात्रीच्या जेवणानंतर. सून विसरली तरी सासू विसरत नसे. घड्याळ त्या घरात नव्हतं, पण डॉक्टरांचा एकही पेशंट इतका वेळेवर गोळी घेत नव्हता.

दिवाळीआधीच्या आठवड्यात मंगलनं स्वेटर काढला. गिरजाबाईंनी नणंदेला दारातच सांगितलं, “पावण्यास्नी कळवा, आमच्या घरात सून हाय.” मला हे वस्तीवरच्या चौघींनी चार वेळा सांगितलं आणि मी चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

वर्षभरानं मंगलला दिवस राहिले. या खेपेला पहिल्या महिन्यातच नोंद झाली. गरोदरपणी गोळी जास्त लागते, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा पुण्याला जात होतं. चौथा महिना लागला तेव्हा आम्ही तिघी एकमेकींशी फार बोलत नव्हतो. तो गेला, पाचवा लागला. नववा भरला आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. गिरजाबाईंनी पेढ्यांचा पुडा माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. मी नोकरीत खूप डॉक्टर पाहिले, पण आजारी माणसाला आजारी म्हणायचं धाडस त्या न शिकलेल्या बाईनं माझ्याआधी केलं. हे उपकार माझ्यावर आहेत, मंगलवर नंतर.

नंतर माझी बदली दौंड तालुक्यात, राहूच्या बाजूला झाली आणि तिथूनच मी रिटायर झाले. निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. स्टेजवर मला हारतुरे घालून बसवलं होतं, सभापतींचं भाषण काही संपेना. बघते तर मागच्या रांगेत मंगल. बापूच्या मोटारसायकलवरून इतक्या लांब आलेली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं खाली उतरले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते त्या दिवशी सांगितलं नसतं तर कधीच सांगितलं नसतं.

“मंगल, ज्या वर्षी तुझं पहिलं बाळ गेलं ना, त्या वर्षी मी तुमच्या वळणापर्यंत यायचे आणि मागं फिरायचे. सात महिने. रागानं. रजिस्टरात ‘घर बंद’ लिहायचे. आले असते तर कदाचित…”

“मला म्हाईत हाय,” मंगल म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“मी दारातच बसल्याली असायची बाई, उन्हाला. थंडी वाजायची ना. तुमी वळनावर दिसायचा, मंग तुमची पाठ दिसायची. दोनदा म्या हाका मारल्या तुमाला. पर माजा आवाज तवा असा बसल्याला, अंगनाच्या भाईर गेलाच न्हाई.”

दहा वर्षं मी समजत होते की मी फक्त गेले नाही. मला कुणी बोलावत होतं, हे मला माहीतच नव्हतं. स्टेजवर सभापती माझ्या सेवाभावाबद्दल बोलत होते आणि मी पदरानं तोंड झाकून रडत होते. मंगलनं माझा हात हातात घेतला.

“रडू नका. तवा आला न्हाईत, ह्ये खरं हाय. पर त्याच्यानंतर कवा चुकला बी न्हाईत. पोरगी बगा तरी माजी, तिला दाकवायला तर आणली.”

मुलगी मैदानाच्या पार टोकाला, लिंबाखाली पोरींच्या घोळक्यात खेळत होती. मंगल उठून उभी राहिली, तोंडाला हात लावला आणि खणखणीत आवाजात हाक मारली, “श्रावणीऽऽ!”

सभापती माईकवर बोलता बोलता थांबले. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कुंपणापलीकडे उसाला पाणी देणारा माणूससुद्धा बघू लागला. पोरगी वळली आणि पळत निघाली. पण तिच्याआधी मीच ‘ओ’ दिली होती.